बाटलीच्या आतली भट्टी : लाँगटनच्या ग्लॅडस्टन पॉटरीच्या १:५० प्रतिकृतीच्या नोंदी

९ जून

इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट शहराच्या लाँगटन भागात ग्लॅडस्टन पॉटरी हा एके काळी बोन चायनाची भांडी घडवणारा जुना कारखाना आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाडला जाणार होता, तेव्हा एच. अँड आर. जॉन्सन या टाइल बनवणाऱ्या कंपनीच्या डेरेक जॉन्सन यांनी जागा विकत घेतली आणि पुढे तिथे संग्रहालय उभे राहिले. हेच जॉन्सन नाव आपल्याकडे १९५८ पासून टाइल विकते आहे, त्यामुळे मराठी घरांतल्या न्हाणीघराच्या भिंतींचा आणि लाँगटनच्या या अंगणाचा दूरचा संबंध आहे. जुना संबंधही आहेच. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातील जमिनीवरच्या मिंटन कंपनीच्या टाइल याच शहरात घडलेल्या आहेत.

वास्तुकलेच्या एका महाविद्यालयाला औद्योगिक इमारतींच्या प्रदर्शनासाठी या कारखान्याची प्रतिकृती हवी आहे. माझ्याकडे अंगण, त्याभोवतीच्या कार्यशाळांचा काही भाग आणि बाटलीच्या आकाराच्या चारही भट्ट्या असे काम आले आहे. मोजमापांचे पूर्ण आराखडे हाती नसल्यामुळे ही प्रतिकृती सर्वेक्षणाइतकी अचूक असणार नाही, हे मी त्यांना लेखी कळवले आहे. इमारत कशी चालत असे, हे मात्र तिच्यातून अचूक कळले पाहिजे, एवढी अट मी स्वतःला घालून घेतली आहे.

प्रमाण १:५० ठरवले. १:१०० घेतले असते तर प्रतिकृतीखालचा पाट लहान झाला असता आणि खर्च निम्म्यावर आला असता. पण त्या प्रमाणात वीट पाऊण मिलिमीटर जाडीची होते आणि भट्टीच्या आतले काहीच दाखवता येत नाही. या इमारतीत आतलेच महत्त्वाचे आहे.

१६ जून

सगळा आठवडा छायाचित्रांवरून मापे काढण्यात गेला. मॅंचेस्टरला मुलीकडे गेलो असताना मी हा कारखाना पाहिला होता आणि तेव्हा दारांशेजारी मीटरपट्टी उभी धरून छायाचित्रे घेतली होती. त्या पट्टीवरून विटांच्या एका थराची उंची काढता येते आणि मग थर मोजत वर जाता येते. कार्यशाळांच्या सरळ भिंतींसाठी ही पद्धत उत्तम चालली.

भट्ट्यांसाठी ती चालली नाही. अंगण अरुंद आहे, त्यामुळे छायाचित्र खालून मान वर करूनच काढावे लागते, आणि अशा चित्रात बाटलीचा खांदा मोठा व गळा आखूड दिसतो. त्यावरून काढलेली पहिली बाह्यरेषा कागदावर कापून भिंतीला लावली, तेव्हा ती भट्टीपेक्षा घंटेसारखी दिसत होती. मग रस्त्यापलीकडून, लांबून घेतलेली छायाचित्रे शोधली. त्यांत बुंधा छपरांमागे लपतो, पण खांदा आणि गळा खऱ्या प्रमाणात येतो. खालचा भाग जवळच्या चित्रातून, वरचा भाग दूरच्या चित्रातून आणि दोन्हींत दिसणारा कार्यशाळेच्या छपराचा कणा ही जोडरेषा, असे करून नवी बाह्यरेषा मिळवली.

हे काम करू इच्छिणाऱ्यांनी चारही भट्ट्यांसाठी एकच बाह्यरेषा वापरण्याचा मोह टाळावा. या भट्ट्या ठराविक नकाशावरून बांधल्या जात नसत. त्या बांधणाऱ्या गवंड्यांच्या हातांवर आणि मालकाच्या गरजेवर त्यांचा आकार ठरे, म्हणून दोन भट्ट्या तंतोतंत सारख्या सापडत नाहीत. एकीचा खांदा हळूहळू वळतो, दुसरीचा एकदम. चार बाह्यरेषा म्हणजे चार फर्मे (त्या रेषेप्रमाणे कापलेले पत्रे), आणि तो खर्च सोसणे भाग आहे.

सर्वांत मोठी भट्टी प्रतिकृतीत ३६ सेंटिमीटर उंच आणि बुंध्याशी १८ सेंटिमीटर व्यासाची धरली आहे.

२९ जून

पहिली भट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये भरीव करून पाहिली. मध्ये लोखंडी सळई, तिच्याभोवती फिरणारा पत्र्याचा फर्मा आणि थरावर थर चढवलेले प्लॅस्टर, अशी छताच्या नक्षीकामात वापरतात तीच पद्धत होती. आकार सुंदर आला. पण वजन इतके झाले की पाटाची फळी मध्ये दबली, आणि दुसऱ्या दिवशी सळईपासून खांद्यापर्यंत उभी तडा गेली. आतले प्लॅस्टर आणि बाहेरचे प्लॅस्टर वेगवेगळ्या वेळी घट्ट झाले होते.

तडा बुजवता आली असती, तरी मी तो ठोकळा बाजूला ठेवला. तडेपेक्षा मोठा दोष असा की भरीव बाटली पाहणाऱ्याला खोटे सांगते. लोक या बाटल्यांना भट्टी समजतात, आणि भट्टी ती नव्हेच. बाहेर दिसणारी बाटली म्हणजे हॉवेल, एक पोकळ कवच. खरी भट्टी तिच्या आत, घुमटाच्या छताची, ठेंगणी आणि जाड भिंतींची असते, आणि या दोहोंच्या मध्ये माणसाला चालता येईल एवढी मोकळी जागा असते. कवचामुळे धूर उंच जातो, आगीला हवेची ओढ मिळते, वारापाऊस आतल्या आगीला गाठत नाही आणि भट्टी पेटवणाऱ्या फायरमनला दिवसरात्र कोळसा टाकताना आडोसा मिळतो. ज्या प्रतिकृतीत ही मधली जागा नाही, ती शोभेची वस्तू होईल.

प्लॅस्टरची दोन पोती, सळई, पत्रा आणि वेल्डिंग मिळून सुमारे १,९०० रुपये या प्रयोगात गेले. फर्मा मात्र पुढे कामाला आला.

१३ जुलै

आता पोकळ सांगाडा. तीन मिलिमीटर एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीच्या) आडव्या चकत्या आणि उभ्या फासळ्या लेझरवर कापून घेतल्या, त्यांवर मास्किंग टेप, तिच्यावर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि शेवटी लांबीचा (पुट्टीचा) पातळ थर, जो फिरत्या चकतीवर फर्म्याने सारखा करायचा, अशी योजना होती.

पुण्यात पाऊस लागून राहिला आहे. ओल्या कागदाने एमडीएफ फुगले, फासळ्या मधूनच बाहेर आल्या आणि गोल पृष्ठभागाला कोन पडले. लांबी घासून ते कोन लपवले, पण हवा पुन्हा दमट होताच ते परत वर आले. यात बरेच दिवस गेले. शेवटी चकत्या आणि फासळ्या तीन मिलिमीटर अॅक्रिलिकमध्ये नव्याने कापून घेतल्या. खर्च दुपटीहून वाढला. चार भट्ट्यांचे अॅक्रिलिक आणि कापणावळ मिळून ६,८०० रुपये. पण अॅक्रिलिक ओल पीत नाही, आणि त्यानंतर एकही बाटली वाकडी झालेली नाही. एमडीएफच वापरायचे असेल तर कापल्याबरोबर कडांसकट सीलर मारून घ्यावा, किंवा हे काम हिवाळ्यात काढावे.

एक भट्टी कापून दाखवायची आहे. अर्धी कापली तर आतले सगळे दिसते, पण बाटलीचा गोलावा नाहीसा होतो आणि उरते ती कपाटासारखी वस्तू. म्हणून पाव भाग काढायचे ठरवले. तयार बाटली करवतीने कापल्यास लांबीचे टवके उडतात. त्यासाठी सांगाड्यातच काटकोनात दोन अॅक्रिलिकच्या पाट्या बसवल्या, मधल्या पाव भागात थर्मोकोल भरला, पूर्ण गोलावर फर्मा फिरवला आणि लांबी अर्धवट सुकली असताना पाट्यांच्या कडेने सुरी ओढून थर्मोकोलसकट तो भाग उचलून घेतला. कड स्वच्छ आली. त्या कडेला विटांच्या भिंतीची जाडी रंगाने दाखवता येते.

२८ जुलै

आतली भट्टी. हिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो आहे आणि त्याचा मला जराही खेद नाही.

रचना थोडक्यात अशी. भट्टीच्या बुंध्याभोवती ठराविक अंतरावर आगीची तोंडे असतात. मी आठ धरली आहेत. प्रत्येक तोंडाच्या आतल्या बाजूला भिंतीला चिकटून एक बुटकी विटांची नळी असते, जिला तिथले कामगार बॅग म्हणतात. ज्वाळेचा काही भाग या बॅगमधून सरळ वर चढतो आणि काही भाग जमिनीखालच्या बोळांतून भट्टीच्या मध्यावरच्या भोकाकडे जाऊन तिथून वर येतो. म्हणजे माल कडेने आणि मधून अशा दोन्ही बाजूंनी तापतो. घुमटाच्या माथ्यावर एक भोक आणि त्यावर उघडझाप करता येणारे झाकण असते. आतला धूर त्या भोकातून हॉवेलच्या गळ्यात शिरतो.

जमिनीखालचे बोळ दाखवण्यासाठी भट्टीचा तळ तीन पातळ्यांत कापला: खाली बोळांची चकती, तिच्यावर फरशी, तिच्यावर भिंत. पहिल्या तळात मी बोळ सरळ रेषेत मध्याकडे नेले होते आणि ते बरोबरच होते, पण पाव भाग कापल्यावर नेमका कापाच्या रेषेवर एकही बोळ येत नव्हता, त्यामुळे पाहणाऱ्याला फक्त भरीव फरशी दिसली असती. चकती साडेबावीस अंशांनी फिरवून नव्याने कापली. आता कापाच्या दोन्ही कडांना आगीचे तोंड, बॅग, बोळ आणि मधले भोक अशी ज्वाळेची पूर्ण वाट एका नजरेत येते.

घुमटासाठी प्लॅस्टिकच्या चेंडूचा साचा वापरून पाहिला. अर्धगोल फार उंच येतो. भट्टीचे छत चपटे असते. स्वयंपाकघरातल्या उथळ कढईत प्लॅस्टरचा पातळ थर ओतल्यावर हवा तसा उतार मिळाला.

४ ऑगस्ट

ज्यांच्याकडून मी माती घेतो, ते कुंभारवाड्यातले वयस्कर मामा आज काम पाहायला आले. त्यांची सगळी हयात उघड्या आव्यावर गेली, जिथे मडकी आणि जळण एकमेकांत रचलेले असते आणि आग मालाला थेट भिडते. कापलेली भट्टी त्यांनी बराच वेळ वाकून पाहिली आणि विचारले, "साहेब, आग अशी आतून चढती, मग पांढऱ्या भांड्याला काजळी कशी धरत न्हाई?"

नेमका हाच प्रश्न या कारखान्याच्या निम्म्या इमारती उभ्या करतो. भांडी थेट भट्टीत ठेवली जात नसत. अग्निरोधक मातीच्या जाड डब्यांत, म्हणजे सॅगरमध्ये, ती रचली जात. डब्यावर डबा चढवून उंच खांब केले जात आणि दोन डब्यांच्या फटीत मातीची वळी दाबून धूर अडवला जाई. मोठ्या भट्टीत असे सुमारे २,००० सॅगर मावत. सॅगर तापून-निवून फुटतात, म्हणून प्रत्येक कारखान्याला ते घडवणारी स्वतःची कार्यशाळा लागे, फुटक्या डब्यांचा ढीग ठेवायला जागा लागे आणि भांडी डब्यांत भरायला भट्टीला खेटून छपराची जागा लागे. अंगणात भट्टीशेजारी जे बसके बांधकाम दिसते, त्याचे कारण हे आहे.

मामांनी दुसरी गोष्ट हेरली ती दाराची. आतल्या भट्टीला दरवाजा बसवलेला नसतो. माल भरून झाला की ते तोंड, क्लॅमिन्स, विटांनी चिणून टाकतात आणि भाजणी संपून भट्टी निवली की पुन्हा फोडतात. दाराची उंची ठरते ती डोक्यावर भरलेला सॅगर घेऊन आत शिरणाऱ्या माणसावरून. माझ्या प्रतिकृतीत हे दार कार्यशाळांच्या दारांइतकेच घेतले होते. १:५० मधला माणूस आणि त्याच्या डोक्यावर सॅगर ठेवून पाहिला तर तो कमानीला अडत होता, म्हणून कमान तीन मिलिमीटरने उचलली. चिणलेले दार अर्ध्या उंचीपर्यंत दाखवले आहे, शेजारी विटांचा ढीग ठेवला आहे.

सॅगर करण्यासाठी हवेवर सुकणारी माती इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजमधून दाबून लांब वळी काढली आणि चार-चार मिलिमीटरवर कापली. माती सुकताना आकसते, हे लक्षात घेऊन वळी थोडी जाड काढावी. खांब अगदी ओळंब्यात रचले तर ते यंत्राने केल्यासारखे दिसतात. खऱ्या छायाचित्रांत ते किंचित झुकलेले असतात.

१८ ऑगस्ट

आज विटा आणि बॉन्ट.

आतल्या भट्टीला बाहेरून लोखंडी पट्टे आवळलेले असतात, त्यांना बॉन्ट म्हणतात. भाजणी दोन-तीन दिवस चाले, एका भाजणीला दहा-पंधरा टन कोळसा लागे आणि बोन चायनाच्या पहिल्या भाजणीत तापमान सुमारे १,२५० अंश सेल्सिअसपर्यंत जाई. एवढ्या उष्णतेने भिंत फुगते आणि निवताना आकसते. दर वेळी हे घडत राहिले तर विटा विखुरतील, म्हणून सुमारे फूटभर अंतरावर हे पट्टे. प्रतिकृतीत काळा कागद लावून पाहिला, तो दोन दिवसांत कडेने उचलला गेला. सराफी साहित्य विकणाऱ्याकडून चपटी तांब्याची तार घेऊन ती काळी केली आणि गुंडाळली. धातू धातूसारखाच दिसतो, त्याला पर्याय नाही. खर्च ४५० रुपये.

विटांसाठी आधी लेझरने रेषा काढलेला जाड कागद बाटलीच्या पाकळ्यांसारखा कापून चिकटवला होता. बुंध्यावर तो छान बसला. खांद्यावर मात्र शेजारच्या दोन पाकळ्यांचे थर एकमेकांना जुळेनात, आणि गळ्यावर तर प्रत्येक जोडाला पायरी पडली. सगळा कागद सोलून काढला. नवी पद्धत अशी: बाटली फिरत्या चकतीवर ठेवायची, शेजारी उभ्या दांडीवर सरकणारी सुई घट्ट बसवायची, आणि चकती फिरवून दर दीड मिलिमीटरवर एक आडवी रेषा लांबीत कोरायची. उभे सांधे हाताने, पितळी नळीचे टोक चपटे करून दाबायचे. वेळ फार लागतो, पण थर सलग आणि समतल येतात. गळ्यापाशी वर्तुळ इतके लहान होते की विटेची लांब बाजू त्या वळणात बसत नाही, म्हणून तिथे मी फक्त विटांची आखूड तोंडे दाखवली आहेत.

लांबी पूर्ण वाळण्याआधी, नखाने दाबल्यावर ठसा उमटेल इतकी ओलसर असतानाच कोरावे. वाळल्यावर सुई रेषा काढत नाही, कण उडवते.

८ सप्टेंबर

कार्यशाळांचे काम अपेक्षेपेक्षा जास्त अडले, आणि त्याचे कारण खिडक्या होत्या.

सर्व खिडक्या एकाच मापाच्या कापून भिंतींवर ओळीने बसवल्या, तेव्हा ती नव्या गृहसंकुलाची विक्री-प्रतिकृती वाटू लागली. छायाचित्रे पुन्हा शेजारी लावून पाहिली. खिडक्यांच्या रुंदी वेगवेगळ्या आहेत, कमानींच्या रेषा एका पातळीत नाहीत, दोन इमारतींच्या जोडावर विटांचे थर जुळत नाहीत, कुठे जुनी खिडकी विटांनी बुजवलेली आहे. या जागेवर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून भांडी बनत आली. जसजशी गरज पडली तसतशी एकेक खोली, एकेक मजला जोडला गेला, आणि व्हिक्टोरियन काळात त्याला आजचे रूप आले. एका वास्तुरचनाकाराने एका बैठकीत आखलेली ही इमारत नाही. तशी पाहायची असेल तर त्याच शहरातल्या बर्सलेम भागातील मिडलपोर्ट पॉटरी पाहावी. ती मातीची भांडी करणाऱ्या बर्जेस अँड ली यांच्यासाठी १८८८ च्या सुमारास अॅब्सलम रीड वुड यांनी कालव्याच्या काठाने सलग आखली. माल एका टोकाने आत येई आणि क्रमाने पुढे सरकत दुसऱ्या टोकाने होडीत चढे. ग्लॅडस्टनमध्ये तोच क्रम वाकडातिकडा, अंगणाभोवती फिरत, जिने चढत-उतरत पूर्ण होई. मला स्वतःला हा वाकडेपणा अधिक बोलका वाटतो, कारण त्यात प्रत्येक पिढीची अडचण आणि तिचे उत्तर भिंतीत उरले आहे.

म्हणून खिडक्या नव्याने, सहा वेगवेगळ्या मापांत कापल्या. इमारती अरुंद ठेवल्या, कारण दोन्ही बाजूंनी उजेड हवा असे. भांड्यांवर रंगकाम करणाऱ्या स्त्रिया वरच्या मजल्यांवर, खिडकीला लागून बसत. खाली माती घोटण्याचे घर, वाफेचे इंजिन आणि सुकवणीच्या खोल्या असत. बोन चायनाच्या मिश्रणात निम्मी हाडांची राख आणि उरलेल्यात चिनी माती व कॉर्निश दगड हे साधारण समान असत. चिनी माती आणि दगड कॉर्नवॉलहून इतक्या दूर आणणे परवडे, कारण कोळसा इथेच खाणींतून निघत असे आणि मातीपेक्षा कोळसा कितीतरी जास्त लागे. कारखाने मातीजवळ न होता कोळशाजवळ झाले, हे प्रदर्शनाच्या फलकावर लिहायला मी महाविद्यालयाला सुचवले आहे.

२२ सप्टेंबर

बाहेरचे लाकडी जिने बसवले. आत जिना घेतला तर कामाची जागा जाते आणि खालच्या कार्यशाळेतून वरच्या लोकांची ये-जा होते. म्हणून जिने भिंतीबाहेर, थेट अंगणात उतरणारे. आजच्या नजरेला हे गैरसोयीचे वाटेल, आणि पावसात भांड्यांनी भरलेली फळी खांद्यावर घेऊन तो जिना उतरणाऱ्याला ते खरोखरच गैरसोयीचे असणार. आइस्क्रीमच्या काड्यांतून कापलेल्या पायऱ्या जाड दिसल्या. बाल्सा लाकूड महाग आहे, पण पायरीची कड त्यातच पातळ निघते.

अंगणाच्या गोट्यांसाठी मोहरी चिकटवून पाहिली. आकार योग्य, पण मोहरी तेल सोडते आणि रंग धरत नाही. शिवाय काही दिवसांत पाटावर मुंग्या आल्या. सगळे खरवडून काढावे लागले. मग प्लॅस्टरचा पातळ थर ओतून, तो ओला असताना वेगवेगळ्या जाडीच्या तारांच्या टोकांनी एकेक गोटा दाबला. कंटाळवाणे काम आहे, पण गाड्यांच्या चाकोऱ्यांचे खोलगट पट्टे यातच दाखवता आले. जिन्यांच्या पायथ्याशी आणि दारांपुढे स्टॅफर्डशायरची निळसर काळी वीट आहे. तिचा रंग करड्यात थोडा जांभळा मिसळून मिळाला.

६ ऑक्टोबर

रंग. संग्रहालय आज स्वच्छ आहे, विटा लाल-तपकिरी दिसतात. पण चालू कारखाना असा नव्हता. या परिसरात एके काळी २,००० हून अधिक बाटली भट्ट्या होत्या आणि प्रत्येक भाजणीत त्या टनावारी कोळसा जाळत. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर कोळशाच्या भट्ट्या बंद होत गेल्या, गॅस आणि विजेच्या भट्ट्या आल्या, आणि आज पन्नासहून कमी बाटल्या उभ्या आहेत. ऑगस्ट १९७८ मध्ये लाँगटनमध्येच, हडसन अँड मिडलटन यांच्या कारखान्यात, हे कसब नोंदवून ठेवण्यासाठी बाटली भट्टीची शेवटची भाजणी करण्यात आली.

प्रतिकृती चालू काळातली दाखवायची, असे महाविद्यालयाशी बोलून ठरले, तेव्हा काजळी हवीच. काळा रंग फवारला तर विटांचे सांधे बुजतात. कोळशाची पूड स्पिरिटमध्ये कालवून मऊ ब्रशने लावली. स्पिरिट उडून जाते, पूड सांध्यांत बसते. गळ्याच्या काठावर दाट आणि खाली विरळ, छपरांवर वाऱ्याच्या एका बाजूला जास्त. शेवटी अतिशय पातळ मॅट लॅकर मारावा, नाहीतर हात लागताच पूड निघते. आधी एका टाकाऊ तुकड्यावर करून पाहावे, कारण जास्त झालेली काजळी परत काढता येत नाही.

कापलेल्या भट्टीच्या आत मात्र काजळी लावलेली नाही. आत तापमान इतके असते की काजळी जळून जाते. तिथल्या विटा फिकट, काही ठिकाणी काचेसारख्या चकाकणाऱ्या दाखवल्या आहेत. त्या चकाकीसाठी आगीच्या तोंडांजवळ पारदर्शक नेलपॉलिशचे थेंब पुरेसे झाले.

२० ऑक्टोबर

प्रतिकृती आज महाविद्यालयात पोहोचली. टेम्पोत नेताना बाटल्या पाटावर घट्ट चिकटवून न्याव्यात की सुट्या, यावर बराच विचार केला. सुट्याच नेल्या, प्रत्येकीच्या बुंध्याला खालून बोल्ट बसेल अशी नट आधीच बसवली होती. रस्त्यावरच्या धक्क्यांनी एका जिन्याचा कठडा तुटला, बाकी सर्व शाबूत.

एकूण खर्च, वाया गेलेल्या साहित्यासकट, ४३,००० रुपयांच्या आसपास झाला. त्यात लेझरची कापणावळ आणि अॅक्रिलिक मिळून सर्वांत मोठा वाटा, त्याखालोखाल पाट आणि काचेची पेटी. एमडीएफचा सांगाडा, भरीव बाटली, कागदी विटा आणि मोहरी हे चार खर्च टाळले असते तर साधारण ९,००० रुपये वाचले असते. वेळेचा हिशेब वेगळा आहे. पावसाळ्यात काम काढल्यामुळे प्रत्येक थर सुकण्याची वाट पाहावी लागली.

ज्यांना एवढे मोठे काम झेपणार नाही, त्यांनी कार्यशाळा सोडून द्याव्यात आणि पाव भाग कापलेली एकच भट्टी करावी. ती १:२५ मध्ये केली तर सॅगरमधली भांडीही दाखवता येतील. माझे चारही फर्मे पत्र्याचे आहेत आणि सुस्थितीत आहेत. पुण्यात कोणी हे काम करणार असेल तर ते नेऊन वापरावेत, फक्त मोठ्या भट्टीच्या फर्म्याची गळ्याजवळची कड झिजली आहे, ती आधी कानसीने सारखी करून घ्यावी.